ढवळीचा खांदा

आमच्या भाऊजींच्या गाडीला दोन इंजिनं आहेत. एक बॉनेटखाली आणि दुसरं मी. पहिलं बसलं की दुसऱ्याला हाक येते, "मोतीराम, ये रे बापा, जरासा हात लाव." हा जरासा हात म्हणजे गोठ्यापासून मारुतीच्या पारापर्यंत गाडी ढकलत नेणं, तेही चढावर. भाऊजी दाराच्या चौकटीला खांदा लावून, एका हातानं स्टिअरिंग धरून पुढे, मी मागे, आणि माझी ताई ओट्यावरून विचारणार, "काऊन रे मोत्या, जेवला नाई का आज?" जेवलो होतो बाप्पा! पाराशी पोचेपर्यंत सगळं जिरून जायचं.

भाऊजी म्हणजे पुंजाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे, मंजुळाताईचे मालक. धामणगाव बढ्यात त्यांच्या घराला लागूनच माझं घर, त्यामुळे पळून जायची सोय नाही. सत्तरी उलटलेला काटक माणूस, टोपी सदा स्वच्छ, बोलणं कमी. जन्मभर बैल हाकले. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा शेत बटईनं, अर्ध्या वाट्यावर दिलं, शेवटची बैलजोडी पाहुण्यातल्याच एका भल्या माणसाच्या दावणीला पोचवली, आणि रिकाम्या गोठ्यात मलकापूरच्या एका डॉक्टरची जुनी पांढरी मोटार आणून बांधली. बांधली असंच म्हणावं लागेल, कारण ती अजून गव्हाणीकडे तोंड करून उभी राहते. तिचं नावही ठेवलं, ढवळी.

आता मोटार घेतली तर मोटारीसारखी चालवावी की नाही? पण छे! भाऊजी आधी तिला पाणी पाजणार, मग स्वतः चहा घेणार. भर दुपारी ढवळी बाहेर पडत नाही, ती तिची विसाव्याची वेळ. तोंडानं "हो, हो, हो" केल्याशिवाय त्यांचा पाय ब्रेकवर दाबला जात नाही. राजूरचा घाट चढला की गाडी बाजूला घेऊन, खाली उतरून, बॉनेटवर थोपटतात. मी शेजारी बसलेला असतो. मला कधी थोपटलं नाही. आणि वेग असा की एकदा मागच्या सायकलवाल्यानं घंटी वाजवून आम्हाला मागे टाकलं, वर जाता जाता विचारलं, "काही तकलीफ हाये का काका?"

किल्ली करदोड्याला बांधलेली, लांब सुतळीनं. एकदा किल्ली गाडीतच राहिली आणि हे उतरून चालायला लागले. सुतळीनं असा हिसका दिला की पुन्हा सीटवर येऊन बसले. सारा बसस्टँड पोट धरून हसला. तरी सुतळी काही सोडली नाही. "बैलाचा कासरा कोणी सोडून देते का?" म्हणतात.

बैल नाहीत म्हणून पोळा काऊन सोडायचा, असं यंदा ताईनंच काढलं. झालं! ढवळीला आंघोळ, बॉनेटवर झूल, वायपरांना गोंडे, आणि भाऊजी तिला घेऊन तोरणाखाली बैलांच्या रांगेत उभे. मी लाजेनं मान खाली घालून दुसऱ्याच कोणाचा तरी मेव्हणा असल्यासारखा उभा राहिलो. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खांदशेकणी असते. जू ओढून बैलाचा खांदा दुखतो, तिथं हळद-लोणी चोळून पळसाच्या पानानं शेकतात आणि बैलाला म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." ताईनं ढवळीचीही खांदशेकणी केली म्हणे. गाडीला खांदा कुठून आणला ते मी विचारलं नाही. देवाधर्माच्या कामात नसते प्रश्न कशाला?

पण एक मानावं लागेल. पोळ्याआधी ढवळी सकाळी चालू केली की अशी केकाटायची, की गल्लीतली कुत्री तिला उत्तर द्यायची. पोळा झाला आणि आवाज एकदम बंद. ताई गावभर सांगत सुटली, "पाह्यलं? मान दिला तर मोटारबी ऐकते."

आवाज बंद झाला आणि मागोमाग ढवळीही बंद पडायला लागली. सकाळी किल्ली फिरवली की नुसतं 'टक्' म्हणायची. बॅटरी उतरलेली. एखाद्या दिवसाचं असतं तर ठीक, पण हे नेहमीचंच झालं आणि दुसरं इंजिन, म्हणजे अस्मादिक, कायमचं जुंपलं गेलं. त्यात आणखी एक छळ. धक्क्यानं गाडी चालू झाली की लोणी कढवल्याचा, बेरीचा खमंग वास नाकात शिरायचा. मला वाटायचं, ताईनं चुलीवर तूप कढवायला ठेवलंय. एवढा घमघमाट, आणि वाटीभर तूप कधी माझ्या घरी आलं नाही! सख्खी बहीण हो! मनातल्या मनात जळत मी ढकलत राहायचो.

भाचा दीपक बुलढाण्याला नोकरीला. तो सुटीला आला, बॅटरी उतरलेली पाहिली आणि निकाल देऊन मोकळा झाला.

"बाबा, तुम्ही गाडीचा दिवा बंद करायचा इसरून राह्यले."

"नाई रे. केलता बंद."

"मंग बॅटरी काय चोरानं पेली?"

भाऊजींनी टोपी काढून पुन्हा नीट घातली. ताई गप्प बसली, आणि ती गोष्ट काही साधी नव्हती, कारण ताई कधी गप्प बसत नाही. नंतर मला परसात नेऊन, पदर तोंडाला लावून म्हणाली, "मोत्या, याईचंबी तसंच होऊन राह्यलं का रे?" याईचं म्हणजे भाऊजींचं, मला लगेच कळलं. भाऊजींच्या वडिलांचं म्हातारपण आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. त्यांचंही असंच सुरू झालं. आधी गोठ्यातला कंदील विझवायचं विसरले, मग जेवलो की नाही ते विसरले, आणि शेवटी स्वतःच्याच दारात उभं राहून विचारायचे, हे घर कोणाचं? ताईनं त्यांचं सगळं केलं होतं, न्हाऊ घालण्यापासून. तिला काय सांगणार?

दीपकनं ठरवून टाकलं. येत्या रविवारी येऊन किल्ली आपण घेणार आणि ढवळीला गिऱ्हाईक पाहणार. "आज दिवा इसरले, उद्या ब्रेक इसरान," म्हणाला. त्याचं चुकलं असंही नाही, पोराला बापाची काळजी होती. भाऊजींनी सदऱ्यावरून करदोड्याशी हात नेला आणि किल्ली चाचपून पाहिली, बस.

पण गप्प माणूस आतून भारी हट्टी असतो. बॅटरी भरून आणली आणि दुसऱ्या दिवशी सांजेला मला गोठ्यात बोलावलं. माझ्यासमोर बॅटरीची वायरच सोडून ठेवली.

"आता दिवा चालू राह्यला तरी बॅटरी उतरन का?"

"कशी उतरन? वायरच नाई."

"मंग तू साक्षीदार."

सकाळी वायर जोडली, ढवळी एका हाकेत उठली. मला आनंद, की आज ढकलणं नाही. मोताळ्याला गेलो, येताना भुरभुर पाऊस लागला म्हणून वायपर लावले, दिवे लावले. थोड्या वेळानं वायपर पेंगायला लागले, मग हॉर्न घोगरा झाला, आणि गावाच्या वेशीशी ढवळीनं मान टाकली. आणि भाऊजी चक्क हसले! "मोतीराम, चोर रातचा नाई. चोर दिवसाचा हाये." कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर तेज दिसलं.

घरी येऊन ताईला सांगितलं. तिनं सगळं ऐकलं आणि घाबरत विचारलं, "वायर खरंच सोडली होती ना? का सोडतो म्हनून इसरले?" झालं, आलेलं तेज तिथंच मावळलं. माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "मोतीराम, सोडली होती ना रे मी?" हो म्हणालो, मोठ्यानं म्हणालो. पण आपल्याच हातानं केलेल्या कामाची खात्री माणसाला दुसऱ्याकडून करून घ्यावी लागते, याचं मला असं वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो, की मी सरळ जाऊन गोपालला धरून आणला.

गोपालचं बसस्टँडजवळ गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. कारागीर बरा, पण फुशारकी जिल्ह्याला पुरेल एवढी. चूक निघाली की तंबाखू मळायला घेतो, आणि ढवळीपायी त्यानं बरीच तंबाखू मळली होती. आधी म्हणाला बॅटरी गेली, ती बदलली. मग म्हणाला वायर गेली, तीही बदलली. शनिवारी आला तेव्हा ताई शेजारी पोळ्या लाटू लागायला गेली होती, गोठ्यात आम्ही तिघंच.

स्टिअरिंगमागच्या काचेवर ताईनं देवीचा फोटो चिकटवलेला. गोपाल तो काढायला लागला तर भाऊजी म्हणाले, "राहू दे. मंजुळा म्हणते, देवीच्या मागून लाल उजेड पडते. जागृत हाये."

गोपालनं कपाळाला हात लावला. "काका, तो बॅटरीचा दिवा हाये! गाडी चालू असून हा लागला म्हणजे चार्जिंग होऊन नाई राह्यली. दोन आठवडे देवी सांगून राह्यली तुम्हाले!"

मग त्यानं बॅटरीला मीटर लावलं. इंजिन सुरू झालं की काटा वर चढायला हवा. तो जागचा हलेना. पुढचे दिवे लावले तर उलटा खाली बसला. "डायनमो गेला," गोपालनं छातीठोक सांगितलं. डायनमो म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी भरणारं यंत्र. तो उतरवला, दुकानात नेऊन मशीनवर फिरवला, तर ठणठणीत! परत आणून बसवला, तर काटा पुन्हा जागच्या जागी. गोपालनं तंबाखूची पुडी काढली.

"डायनमो चांगला, बॅटरी चांगली, वायरी नव्या."

"मंग खराब काय हाये बे? माहं नशीब?" मी ओरडलो.

भाऊजी मघापासून बॉनेटशी कान लावून उभे होते, आजारी बैलाशी उभे राहायचे तसे. म्हणाले, "हे बोलून नाई राह्यली."

"कोण?"

"ढवळी. पहिले दिवे लावले की केकाटे. वजन पडलं की जनावर कण्हते. आता वजन घेऊनच नाई राह्यली."

तंबाखू मळणारा अंगठा थांबला. गोपालनं वाकून नीट पाहिलं. इंजिनाचं चाक भरभर फिरत होतं, आणि डायनमोचं चाक सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं निवांत. मधला पट्टा नुसता घसरत होता. "पट्टा घसरला तर बोंबलते," गोपाल पुटपुटला, "हा मुका काऊन?" त्याचे हात ग्रीसनं इतके काळे की त्यांना काही लागलं तरी कळणार कसं? त्यानं इंजिन बंद केलं, माझ्या खांद्यावरचा नवा कोरा पांढरा दुपट्टा खसकन ओढला आणि पट्ट्यावरून फिरवला. मी "अबे, अबे!" करेपर्यंत दुपट्टा पिवळा झाला. हळदीचा पिवळा. मी तो नाकाशी नेला. लोणी! तोच तो बेरीचा वास! मी इतके दिवस ज्यापायी जळत होतो, ते तूप चुलीवर नाही, बॉनेटखाली कढत होतं.

भाऊजींनी बॅटरीच्या मागे हात घातला आणि एक सुकलेलं पळसाचं पान काढलं. मग आणखी एक, आजचं, हिरवंगार. आता आम्हा तिघांना उजाडलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी ताईनं ढवळी जिथून केकाटते ती जागा शोधली, दुखतं तिथंच ओरडणार ना, आणि बरोब्बर तिथं खांदा शेकला. गुण आला म्हटल्यावर तिनं औषध चालूच ठेवलं. रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की ढवळीला लोणी! पट्टा गुळगुळीत झाला, आवाज थांबला, आणि चार्जिंगही थांबलं.

गोपाल हसता हसता गव्हाणीत जाऊन पडला. मीही डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. भाऊजी हसले नाहीत.

"कोणाले सांगायचं नाई," म्हणाले.

"काऊन? अहो, सुटले ना तुम्ही!"

"गाव हसन तिले. तिनं मायेनं लावलं."

"आन किल्ली?"

"जाऊ दे."

असा राग आला मला! माणूस भला असावा हो, पण काही हद्द? गोपालनं चाकं घासून पुसून काढली, नवा पट्टा चढवला. काटा झपकन वर गेला, देवीमागचा लाल उजेड विझला. ढवळी बरी झाली आणि तिचा मालक मात्र उद्या विसराळू ठरणार होता. त्यांनी आम्हा दोघांना शपथ घातली. गोपालनं लगेच घेतली. मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलो.

रविवारी दीपक आला. चहा झाला. कोणी विषय काढेना, तेव्हा भाऊजींनी स्वतःच सदरा वर केला आणि करदोड्याची सुतळी सोडायला घेतली.

"तुहं बरोबर हाये बापा. दिवा मीच इसरत होतो."

जुनी गाठ, सुटते कशाची? बोटं गाठीशी झटत राहिली. दीपक जमिनीकडे पाहत होता. ताई त्या बोटांकडे पाहत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मला ते पाहवेना. मी भाऊजींसारखा भला माणूस नाही, आणि देवाची कृपा की नाही.

"सोडू नका ती गाठ!" मी असा ओरडलो की कपबशा वाजल्या. "दिवा नाई तो, लोणी हाये लोणी!" आणि घरून पिशवीत आणलेला पिवळा दुपट्टा ताईपुढे टाकला. मग पोळ्यापासून पट्ट्यापर्यंत सगळं भडाभडा सांगून टाकलं.

भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं की बैल असतो तर चाबूक बसला असता. ताईनं दुपट्टा उचलला, वास घेतला. मला वाटलं, आता ही तोंड लपवून आत जाणार.

"म्हणजे माह्या लोण्यानं झालं?"

"हाव."

"आन वायर? वायर सोडली होती याईनं?"

"मी उभा होतो ना वं तिथं! सोडली होती."

"म्हणजे याईचं डोकं..."

"ठीक हाये! तुह्या माह्याहून ठीक हाये!"

"माय वं माय!" ती ओट्यावर मटकन बसली आणि ढसाढसा रडायला लागली, आणि रडता रडता हसायला लागली. "बरं झालं! देवा, बरं झालं माह्यानं झालं!" मग उठून, डोळे पुसायच्या आधीच, कुंपणावरून शेजारणीला हाक मारली, "अवं, ऐकलं का? म्या मोटारीले लोणी लावलं लोणी! मोटारच बंद पाडली म्या!" आमचे भाऊजी जी गोष्ट जिवापाड लपवायला निघाले होते, ती ताईनं पाच मिनिटांत अर्ध्या गावाला सांगून टाकली. दीपक तेवढ्यात उठला, बापासमोर उकिडवा बसला आणि सैल झालेली सुतळीची गाठ पुन्हा घट्ट आवळून दिली.

ताई आत गेली आणि वाटी घेऊन बाहेर आली. सकाळी ढवळीसाठी कालवलेलं हळद-लोणी दीपक यायच्या गडबडीत तसंच राहिलं होतं, पान वर ठेवलेलं. तिनं भाऊजींच्या सदऱ्याची कॉलर बाजूला सारली. ढवळीच्या दाराच्या चौकटीला लावून लावून खांदा काळानिळा झाला होता. इतके दिवस तो कोणी पाहिलाच नव्हता. ती पान लोण्यात बुडवून हलक्या हातानं चोळायला लागली. समोर पोरगा, समोर भाऊ, पण तिला कसली लाज नाही.

"आज आवतन घ्या," ती म्हणाली, "उद्या जेवाले या."

भाऊजींनी डोळे मिटले. "उद्या काऊन? भूक आज लागली."

ताई हसली आणि चोळतच राहिली. धक्के मीही मारले होते, पण माझ्या खांद्याला कोणी विचारलं नाही.